बालविकास राज्यमंत्र्यांकडे निवेदन नेण्याआधी

मंत्र्यांचा दौरा लागला की साताऱ्याच्या शासकीय विश्रामगृहाच्या आवारात सकाळपासून माणसं जमतात. हार, शाल, नारळ आणि प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एक कागद. गाड्यांचा ताफा येतो आणि आपल्या वाट्याला येतं जेमतेम अर्धा मिनिट. आमच्या भागातली एक नवी ग्रामपंचायत सदस्य त्या अर्ध्या मिनिटात एवढंच म्हणाली, "आमच्या अंगणवाडीचं जरा बघा." "बघते की," असं उत्तर आलं, कागद स्वीय सहायकाकडे गेला, फोटो निघाला आणि गावच्या ग्रुपवर फिरला. अंगणवाडीचं छप्पर मात्र पुढच्या पावसाळ्यातही गळत होतं.

चूक तिची नव्हती. हे खातं कसं चालतं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी बरीच वर्षं अंगणवाड्यांचे आणि मुलांचे प्रश्न घेऊन फिरते आहे. पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्यांसाठी, बचत गटातल्या बायकांसाठी आणि "आपण वरपर्यंत जाऊ" म्हणणाऱ्या तरुण पोरांसाठी हे लिहिते आहे.

आधी हे पद नेमकं काय ते समजून घ्या

राज्यघटनेच्या १६४व्या कलमाप्रमाणे राज्यपाल मुख्यमंत्र्यांची नेमणूक करतात आणि त्यांच्या सल्ल्याने बाकीच्या मंत्र्यांची. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येला विधानसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्या विधानसभेत २८८ आमदार, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३ मंत्री. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली, त्यात ३३ कॅबिनेट मंत्री होते आणि राज्यमंत्री फक्त सहा.

हा सहाचा आकडा लक्षात ठेवा. खाती ढीगभर आणि राज्यमंत्री सहा, त्यामुळे एकेकाकडे चार-पाच विभाग येतात. त्या खातेवाटपात महिला व बालविकासाच्या कॅबिनेट मंत्री अदिती तटकरे आणि राज्यमंत्री मेघना बोर्डीकर झाल्या. बोर्डीकरांकडे याच्या जोडीला सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा, ऊर्जा असे विभागही आले. म्हणजे "मुलांचे मंत्री" म्हणून आपण ज्यांना गाठतो, त्यांच्या टेबलावर विजेच्या आणि नळयोजनेच्या फायलीही असतात. यात आपला फायदा आहे. अंगणवाडीला नळ नसेल आणि गावात तीव्र कुपोषित मूल असेल, तर दोन्ही विषय एकाच टेबलावर पोचतात. फक्त दोन्ही एका निवेदनात कोंबू नका. एका कागदावर दोन खाती दिसली की कागद दोन्हींकडे जात नाही, मधेच राहतो. निवेदनं दोन करा, द्या एकाच वेळी.

आता अधिकार. राज्यमंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसत नाहीत, खास बोलावलं तरच जातात. खात्यातले कोणते विषय राज्यमंत्र्यांनी हाताळायचे ते कॅबिनेट मंत्री ठरवून देतात. दिलेल्या विषयांत त्यांची सही चालते. बाकीच्या फायली त्यांच्याकडून पुढे कॅबिनेट मंत्र्यांकडे जातात किंवा त्यांच्याकडे येतच नाहीत. "आम्हाला अधिकारच नाहीत" ही राज्यमंत्र्यांची तक्रार जुनी आहे, आणि पक्ष कुठलाही असला तरी बदललेली नाही. म्हणून त्यांच्या कार्यालयात पहिला प्रश्न हा विचारा: "हा विषय राज्यमंत्र्यांकडे दिलेला आहे का?" यात उद्धटपणा काही नाही. उत्तर "नाही" असं आलं, तर कॅबिनेट मंत्र्यांच्या नावाने दुसरी प्रत करा.

शब्दाचा एक घोळही दूर करते. दिल्लीतही "राज्यमंत्री" असतात, पण त्यांचा आपल्या राज्याशी संबंध असेलच असं नाही. ती केंद्रातली पायरी आहे. केंद्रात महिला व बालविकासाचं स्वतंत्र मंत्रालय २००६ पासून आहे. अंगणवाडीच्या पोषणाचे दर, मुलांची नोंद ठेवणारं पोषण ट्रॅकर अ‍ॅप, केंद्राचा हिस्सा हे विषय तिथले. छप्पर, जागा, रिक्त पद हे इथले. गळक्या छपरासाठी खासदारांमार्फत दिल्लीला पत्र धाडणारे मी पाहिले आहेत. पत्र फिरून जिल्हा परिषदेतच येतं, चार महिन्यांनी.

प्रश्न या खात्याचा आहे का?

मूल म्हटलं की बालविकास, असं नसतं. शाळा, शाळेतला पोषण आहार, आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, प्रवेश हे शालेय शिक्षण विभागाचं काम. लसीकरण आरोग्य विभागाचं, ते अंगणवाडीत होत असलं तरी. हॉटेलात कपबश्या धुणारा पोरगा कामगार विभागाच्या कायद्यात येतो, पण त्याला सोडवल्यावर ठेवायचं कुठे हा प्रश्न बालविकासाचा होतो.

आपल्याकडचा सगळ्यात गुंतागुंतीचा विषय ऊसतोड टोळ्यांचा. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कराड, कोरेगाव, वाळवा, पलूस भागात मराठवाड्यातून टोळ्या उतरतात, कोपी, म्हणजे पाचटाची खोपटी, पडते, आणि कोपीत दोन-तीन वर्षांची मुलं. मोठ्या मुलांची शाळा शिक्षण विभागाकडे, मजुरांचं कल्याण महामंडळाकडे, आणि सहा वर्षांखालच्यांचा आहार अंगणवाडीकडे. ही मुलं "आपल्या गावची नाहीत" म्हणून आहार नाकारता येत नाही. पोषण ट्रॅकरवर नाव एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवता येतं. त्यासाठी मंत्र्यांपर्यंत जायची गरज नाही. सेविका आणि पर्यवेक्षिका यांच्याशी बोलून हे गावातच होतं. नाहीच झालं, तर तेवढाच मुद्दा घेऊन वर जा.

खालून वर या

ही पायरी गाळली की बाकी सगळं वाया जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अंगणवाडीची योजना, म्हणजे एकात्मिक बालविकास सेवा, २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. सेविका आणि मदतनीस, त्यांच्यावर पर्यवेक्षिका, तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी, जिल्हा परिषदेत बालकल्याणाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी, आणि त्यांच्यावर नवी मुंबईतल्या बेलापूरचं आयुक्तालय. मंत्रालयातला विभाग त्याच्याही वर.

याच खात्याची दुसरी फांदी वेगळी आहे. निराधार मुलं, बालगृहं, दत्तक, बालसंगोपन हे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, आणि त्यांचं आयुक्तालय पुण्याला. मी स्वतः सुरुवातीला अंगणवाडीचा अर्ज घेऊन पुण्याला गेले होते. तिथल्या माणसाने कागद वाचून सरळ सांगितलं, "ताई, हे बेलापूरचं." दिवस गेला, तिकिटाचे पैसे गेले. तुमचे जाऊ नयेत.

मंत्र्यांनी काहीही ठरवलं तरी अहवाल खालूनच मागवला जातो. "नमूद केंद्राबाबत वस्तुस्थिती कळवावी" असं पत्र सुटतं आणि फिरत फिरत त्याच पर्यवेक्षिकेच्या हातात पडतं, जिला तुम्ही विचारलंच नव्हतं. ती आधीपासून तुमच्या बाजूने असेल तर अहवाल चार दिवसांत जातो. तिला डावलून तुम्ही थेट वर गेलात आणि तिला ते वरून कळलं, तर कसा अहवाल जाईल याची कल्पना करा. माणूसच आहे तीही.

म्हणून आधी प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घ्या. महिनाभर थांबा. मग जिल्हा परिषद. पदाधिकारी असतील तर महिला व बालकल्याण समितीचे सभापती, प्रशासक असेल तर मुख्य कार्यकारी अधिकारी. या दोन पोचपावत्या जोडलेलं निवेदन मंत्र्यांच्या कार्यालयात वेगळ्या नजरेने बघितलं जातं, कारण खालच्या पायऱ्या झाल्यात हे त्यात दिसतं.

आणि इमारतीचा पैसा हवा असेल तर राज्यमंत्र्यांपेक्षा दोन दारं जवळची आहेत. एक तुमचीच ग्रामपंचायत: स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. ते गेल्या वर्षी कशावर खर्च झाले, हे मासिक सभेत विचारा आणि सगळ्यांचे चेहरे बघा. दुसरं जिल्हा नियोजन समिती, जिचे अध्यक्ष पालकमंत्री. साताऱ्याच्या लोकांना तर सबबच नाही. डिसेंबर २०२४च्या मंत्रिमंडळात या एका जिल्ह्यातून चार कॅबिनेट मंत्री आले, आणि त्यातल्या जयकुमार गोऱ्यांकडे ग्रामविकास खातं. सांगलीकरांच्या वाट्याला एकही मंत्रिपद आलं नाही, पालकमंत्रीही बाहेरचे मिळाले; त्यांना राज्यमंत्र्यांचा दौरा जास्त उपयोगी पडतो.

मंत्र्यांच्या हातात नसलेल्या गोष्टी

आमच्याकडे सगळ्यात जास्त निवेदनं येतात ती बालसंगोपनाची. आई किंवा वडील गेलेले, मूल आजीकडे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पण लाभाचा आदेश मंत्री देत नाहीत, बाल कल्याण समिती देते. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाखाली नेमलेली ही समिती, एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची, आणि तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे अधिकार आहेत. समितीने मूल बालगृहात ठेवायचं ठरवलं, तर "मॅडम, सोडायला सांगा" म्हणून उपयोग नाही. सांगायला लावूही नये. न्यायाधीशाला फोन करायला सांगण्यासारखंच ते आहे.

मंत्र्यांकडे मागण्यासारखं इथेही आहे. समितीवर सदस्यांच्या जागा रिकाम्या असतील तर त्या भरा, अनुदान थकलं असेल तर ते सोडा. एका मुलाच्या निकालात हात घालायला सांगण्यापेक्षा जिल्ह्याची समिती पूर्ण भरलेली असावी ही मागणी जास्त मुलांना पुरते.

धोक्यातलं मूल दिसलं तर मात्र निवेदन वगैरे काही नाही. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी लावा. मूल २४ तासांच्या आत समितीपुढे जायला हवं. उद्या गावात बालविवाह असेल तर ग्रामसेवक हाच प्रतिबंधक अधिकारी आहे. त्याला उठवा, तो टाळत असेल तर पोलिसांना. मंत्र्यांच्या दौऱ्याची वाट बघू नका.

कागद कसा करायचा

एक पान. एक मागणी. ती पहिल्या तीन ओळींत. "गेली अनेक वर्षे आमचे गाव विकासापासून वंचित" ही सुरुवात काढून टाका, ती कुणीच वाचत नाही.

पाटण किंवा जावळीच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीचं उदाहरण घेऊ. वाडी मूळ गावापासून तीन किलोमीटर, मधे ओढा, पावसात मुलं अंगणवाडीत जाऊच शकत नाहीत. असं लिहा:

"विषय: अमुक वाडीसाठी स्वतंत्र अंगणवाडी केंद्र मंजूर होणेबाबत.
संदर्भ: १) ग्रामसभा ठराव क्रमांक व दिनांक. २) प्रकल्प अधिकारी यांना दिलेला अर्ज व पोच.
वाडीची लोकसंख्या ३२०, सहा वर्षांखालील बालके ४१. सध्याचे केंद्र ३ किमी अंतरावर असून जून ते सप्टेंबर ओढ्याला पाणी असते. जागा उपलब्ध आहे, उतारा जोडला आहे. केंद्र मंजूर करण्याचा प्रस्ताव जिल्हा परिषदेकडून मागवावा, ही विनंती."

संपलं. यातले आकडे उगाच घेतलेले नाहीत. सपाट प्रदेशात ४०० ते ८०० लोकवस्तीला एक केंद्र असा निकष आहे, डोंगरी भागात तो ३०० वर येतो. आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये सांगून ठेवलंय की वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. म्हणून आधी मुलं मोजा. घरोघर जाऊन, जन्मतारखेसह. ३८ निघाली तर ३८च लिहा. खोटा आकडा पहिल्याच पाहणीत उघडा पडतो आणि मग पुढचा खरा कागदही कुणी धरत नाही.

सोबत ठराव, यादी, उतारा, आधीच्या पोचपावत्या. फोटो दोन पुरे, ओढ्याचा एक पावसाळ्यातला. आणि भाषा उपकार मागणारी नको. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाचा आहार हा २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे.

मुलाचं नाव लिहू नका. नवे कार्यकर्ते इथे हटकून चुकतात. अत्याचार झालेलं, बालगृहात असलेलं किंवा कायद्याशी संघर्ष झालेलं, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं, मूल असेल, तर त्याची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या ७४व्या कलमाखाली गुन्हा आहे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात तर आहेच. निवेदनाची झेरॉक्स किती हातांतून जाते, पत्रकारापर्यंत कशी पोचते, हे तुम्हाला माहीत नसतं. अशा वेळी "सदर बालक" लिहा आणि तपशील बंद पाकिटात थेट अधिकाऱ्याला द्या. मुलाला सोबत नेऊन मंत्र्यांसमोर उभं करणं, त्याच्या डोक्यावर हात ठेवलेला फोटो काढणं, हे तर नकोच.

गाठायचं कुठे

दौऱ्यात गाठणं सोपं. दौरा कार्यक्रम आदल्या दिवशी जिल्हा माहिती कार्यालयाकडून निघतो, तालुक्याच्या पत्रकारांकडे असतो. विश्रामगृहात "राखीव" लिहिलेली वेळ असते तेव्हा भेट होण्याची शक्यता जास्त. कार्यक्रमाच्या मांडवात गाठू नका, तिथे त्यांचंही लक्ष नसतं. कागद मंत्र्यांना द्या, पण बोला स्वीय सहायकाशी. त्याचं नाव, नंबर लिहून घ्या. पुढचे सहा महिने तुमचा संबंध त्याच्याशीच आहे.

मुंबईला जायचंच असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस बरी. रात्री मिरज, सांगली, कराड, सातारा घेत सकाळी सीएसएमटीला टेकते. ओळखपत्र मूळ ठेवा, मंत्रालयात पासाशिवाय आत सोडत नाहीत. आणि हे कुणी सांगत नाही: मंत्री मंत्रालयाच्या मुख्य इमारतीत बसत असले तरी महिला व बालविकास विभागाची कार्यासनं, म्हणजे फायली हाताळणाऱ्या शाखा, समोरच्या नवीन प्रशासकीय भवनात आहेत. फाईल तिथे असते. वर भेट झाली की खाली उतरून रस्ता ओलांडायचा आणि संबंधित कक्ष अधिकाऱ्याला भेटायचं. ही दुसरी भेट न घेता परतणारे निम्मंच काम करून येतात.

तिसरा रस्ता आमदारांचा. अधिवेशनात तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी द्यावं लागतं) किंवा लक्षवेधी सूचना लागली, तर उत्तर द्यायला बरेचदा राज्यमंत्रीच उभे राहतात, आणि उत्तरासाठी सगळी यंत्रणा माहिती गोळा करते. सभागृहात "तीन महिन्यांत कार्यवाही करू" असं बोललं गेलं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. यासाठी अधिवेशनाच्या बरंच आधी आमदारांच्या कार्यालयात तयार मसुदा द्या. आयता प्रश्न कुणालाही आवडतो.

शेरा वाचायला शिका

मंत्री निवेदनाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहितात. गावात मिरवणूक निघायची तेवढी बाकी असते. थांबा, आधी वाचा.

"नियमानुसार कार्यवाही करावी": म्हणजे काहीच सांगितलं नाही. नियमात असेल तर होईल, ते शेऱ्याविनाही झालं असतं.

"तपासून सादर करावे": हे बरं आहे. फाईल तयार होऊन त्यांच्याकडे परत यायला हवी.

"प्रस्ताव मागवून १५ दिवसांत अहवाल सादर करावा": हा खरा शेरा. यात काम कुणी, काय, कधी हे तिन्ही आहे. अर्ध्या मिनिटात मागायचं ते हेच. "मॅडम, प्रस्ताव मागवण्याचा शेरा द्या" असं स्पष्ट म्हणा, त्यांनाही सोपं जातं.

कुठलाही शेरा म्हणजे शासन निर्णय नव्हे, तरतूदही नव्हे. कार्यासनात टिपणी तयार होते, कक्ष अधिकाऱ्यापासून सचिवांपर्यंत चढते आणि मग मंत्र्यांकडे. कुणी मधेच "निकषात बसत नाही" लिहिलं की तिथेच थांबते. म्हणून निकष आपण आधीच कागदात लिहिलेला बरा.

मागे लागणं

निवेदन दिलं त्या दिवशी आवक क्रमांक घ्या. तो नसेल तर कागद दिलाच नाही असं समजा. पंधरा दिवसांनी फोन. "बघतो" ऐकलं तर विचारा, पत्र कुणाला, कोणत्या जावक क्रमांकाने गेलं. तो क्रमांक मिळाला की मुंबई सोडून द्या, जिल्हा परिषदेत जाऊन बसा.

तिथे अडलं तर लोकशाही दिन आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याचा पहिला सोमवार. महिलांसाठीचा वेगळा, तिसऱ्या सोमवारी. माहिती अधिकाराचा अर्ज शेवटी ठेवा. १० रुपयांचा स्टॅम्प, एक विषय, १५० शब्द, आणि "माझ्या निवेदनावरील टिपणीची प्रत द्यावी" एवढंच. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि अर्ज आला म्हटल्यावर फाईल पुष्कळदा आपोआप सापडते.

खातेवाटप मधेच बदललं तर नव्या राज्यमंत्र्यांना पहिल्यापासून गोष्ट सांगू नका. जुन्या शेऱ्याची प्रत, जावक क्रमांक आणि "स्मरणपत्र" हा शब्द, एवढ्यावर फाईल पुढे चालते. त्यासाठी सगळ्या पोचपावत्या एका फाईलला लावून ठेवा, घरातल्या कपाटात, सरपंचांच्या गाडीत नव्हे. एका उत्साही बाईंनी शेरा असलेलं मूळ निवेदन लॅमिनेट करून ठेवलं होतं. तसं करू नका, त्यावर पुढचा शिक्का बसत नाही.